टेकलेला पाय

"बॉल जाईल नाहीतर माणूस जाईल. दोघं एकदम जाणार नाहीत."

कोल्हापुरातल्या एका पेठेच्या तालमीत, फुटबॉलमध्ये बॅकला, म्हणजे गोल राखायला मागं, खेळणाऱ्या प्रत्येकाला पायात बूट घालण्याआधी हा नियम मिळे. त्यावर प्रश्न विचारायचा नाही, हा त्याच नियमाचा उरलेला अर्धा भाग.

रेवती सरनोबतला तो शाळेत असताना मिळाला. तिनं "का?" विचारलं होतं. बाबालाल वस्ताद म्हणाले होते, "आईला विचारतीस काय, तू आई का म्हणून?"

त्याच नियमावर ती कॉलेजकडून खेळली, राज्याकडून खेळली, बंगळुरूच्या क्लबात पगारी बॅक झाली. आता सुट्टी काढून आली होती ती पेठेसाठी. मुलींच्या शिल्डची फायनल उद्यावर आली होती.

आणि गेल्या रविवारी, फायनलला समोर येणाऱ्या त्याच पेठेशी झालेल्या साखळी सामन्यात, तिनं नियम मोडला होता.

"पाय मागं का घेतलास?" वस्तादांनी विचारलं.

सकाळची वेळ. तालमीच्या कट्ट्यावर वडीलधारी मंडळी चहा घेत बसलेली. वस्तादांच्या मांडीवर तिची घडी घातलेली जर्सी. शेजारी पितळी ताटात आखाड्यातली लाल माती. फायनलच्या आदल्या दिवशी चिमूटभर माती हातात घ्यायची, नियम म्हणायचा, मग जर्सी मिळायची. पोरं त्यासाठी आत आखाड्याच्या हौद्यात उतरत. पोरींसाठी माती बाहेर येई.

"टेकलेला पाय दिसला," रेवती म्हणाली.

"कुणाचा?"

"अवनीचा, त्यांच्या फॉरवर्डचा. मला चुकवून ती वळत होती. अंगाचं सगळं वजन त्या एका पायावर. तिथं माझा पाय गेला असता तर..."

"तर?"

"मोडला असता."

"गोल झाला नसता," हिंदूरावअण्णा म्हणाले. ते तालमीचे अध्यक्ष. "एक गोल, आणि समोरच्या पेठेची पोरं आठवडाभर आमच्या दारावरून हलगी वाजवत जात्यात."

"दहावीत आहे ती, अण्णा."

"मग घरात बसून अभ्यास करावा की. बॉल घेऊन अंगावर कशाला येती?"

कट्टा हसला. कोणीतरी म्हणालं, "बंगळुरात इडल्या खाऊन पाय मऊ पडलाय पोरीचा."

रेवती हसली नाही. वस्तादही हसले नाहीत.

"तुझ्या क्लबात काय शिकवतात?" त्यांनी विचारलं. "माणूस पुढं निघून गेल्यावर बॅकनं काय करायचं?"

"पळायचं. पाठ सोडायची नाही."

"गेलेल्याच्या मागं पळायचं," हिंदूराव म्हणाले, "आणि ह्याला पगार देतात!"

"देतात, अण्णा. माझं घर चालतंय त्याच्यावर."

"उद्या ती परत तुझ्या अंगावर येणार," वस्ताद म्हणाले. "परत वळणार. परत तो पाय टेकणार. माती हातात घेऊन सांग, काय करशील?"

रेवतीनं मातीकडं पाहिलं. मग वस्तादांच्या उजव्या पायाकडं. तो पाय वाकत नसे. कट्ट्यावर चढताना वस्ताद तो दोन्ही हातांनी उचलून वर ठेवत. लहानपणापासून ती ते बघत आली होती.

"वस्ताद, तुमचा गुडघा कुणी घेतला?"

चहाचे पेले थांबले. हा प्रश्न त्या कट्ट्यावर विचारला जात नसे.

"एका चांगल्या बॅकनं," वस्ताद म्हणाले.

"कुठल्या पेठेच्या?"

"ह्याच. मी फॉरवर्ड होतो. सरावाचा सामना होता. मी बॉल काढला, तो मागं राहिला..."

"तुम्ही त्याला काय म्हणालात?"

"काय म्हणणार? नियम पाळला त्यानं."

हिंदूरावांनी पेला खाली ठेवला. त्या काळी ते बॅकला खेळत. रोज संध्याकाळी ते वस्तादांना स्कूटरवर बसवून घरी सोडत. का, हे रेवतीनं कधी विचारलं नव्हतं. आता विचारायचं काही उरलं नाही.

वस्तादांनी मांडीवरची जर्सी बाजूला ठेवली.

"बॉल आण," वस्ताद म्हणाले.

तिनं आणला.

त्यांनी दोन्ही हातांनी पाय उचलून खाली ठेवला. उठले. काठी हिंदूरावांच्या हातात दिली आणि तालमीसमोरच्या मोकळ्या जागेत उभे राहिले. बॉल डाव्या पायापाशी.

"अडव मला."

"वस्ताद..."

"पगारी बॅक आहेस ना? अडव."

ते निघाले. एक पाय ओढत, हळू. इतके हळू की रेवतीला लाज वाटली. ती दोन पावलं पुढं झाली, बॉलवर पाय टाकायला वाकली, आणि वस्तादांचा खांदा डावीकडं झुकला. तीही झुकली.

बॉल उजवीकडून गेला.

म्हाताऱ्यानं तिला चुकवलं होतं. कट्ट्यावरून कोणीतरी शिट्टी मारली.

पण त्या झुकण्यात वस्तादांचं सगळं वजन चांगल्या पायावर आलं होतं. दुसरा वाकतच नव्हता. ते तिथंच अडकले. रेवतीचा पाय सवयीनं निघाला होता. वर्षानुवर्षांची सवय. वस्तादांच्या चांगल्या गुडघ्यापासून वीतभर अलीकडं तो हवेत थांबला.

"घाल," वस्ताद म्हणाले.

ती बघत राहिली.

"बॉल गेला. माणूसही चालला. घाल पाय. नियम आहे."

"नको!"

हिंदूराव ओरडले होते. ते कधी उठले ते कोणालाच कळलं नाही.

वस्तादांनी मान वळवून त्यांच्याकडं पाहिलं.

"जरा उशीर झाला, हिंदू."

रेवतीनं पाय खाली घेतला. मग वळली आणि पळाली. बॉल उतारावरून गटाराकडं निघाला होता. काठावर तिनं तो टाचेनं अडवला, घेऊन आली, वस्तादांच्या पायाशी ठेवला.

तिच्या खांद्यावर हात टाकून वस्ताद कट्ट्यापर्यंत आले. बसले. जर्सी मांडीवर घेतली आणि मातीचं ताट तिच्यासमोर धरलं.

"माती घे. नियम म्हण."

हिंदूराव अजून उभेच होते. म्हणाले, "पोरी, म्हणून टाक. तोंडानं म्हणायचं असतंय नुसतं. न म्हणता जर्सी कुणाला दिलेली नाही ह्या तालमीनं. तू नसलीस तर उद्या मागं कोण उभी राहणार?"

"तोंडानं म्हटलेलं पायात उतरतं, अण्णा. आत्ता बघितलंत तुम्ही."

"फायनल आहे गं..."

"माहीत आहे."

तिनं हात मागं बांधले. जर्सीकडं पाहिलं. लहानपणी ह्या रंगाची जर्सी मिळावी म्हणून ती दोन दिवस जेवली नव्हती. बंगळुरूची जर्सी तिला करारानं मिळाली होती. ही मागावी लागत होती.

"नियम नाही म्हणणार," ती म्हणाली.

वस्तादांनी ताट खाली घेतलं नाही.

"उद्या जर्सी नसेल, तरी चालेल?"

"नाही चालणार. पण नाही म्हणणार."

"आणि जर्सी दिली... आणि ती तुला चुकवून गेली?"

"पळेन."

"पळून सापडली नाही?"

कट्ट्यावरचे सगळे तिच्याकडं बघत होते. ह्या प्रश्नाचं एकच उत्तर होतं. तालमीच्या कुठल्याही बॅकनं ते आजवर तोंडातून काढलं नव्हतं.

"तर गोल होईल, वस्ताद."

हिंदूराव वस्तादांची काठी धरून तसेच उभे राहिले. वस्तादांच्या एका हातात ताट तसंच राहिलं; दुसरा हात मांडीवरच्या जर्सीवर होता.