टिचकी उंदरीचा मोडका स्क्रू

ऐका हं. नदीकाठी होती एक चौकी. चौकीत राहायचे भिवाकाका, रानाचे राखणदार. आणि भिंतीतल्या बिळात राहायची टिचकी. एवढीश्शी उंदरी. एकटीच!

तिची ताई होती, पण नदीच्या त्या काठाला. पुरात ओंडक्यावर बसून गेली, ती तिकडेच राहिली. नदी केवढी मोठी! उंदरांना कशी ओलांडता येणार?

पण चौकीच्या खिडकीत होती एक दुर्बीण. काकांच्या जुन्या बंदुकीवरची. बंदूक कधीच गेली, दुर्बीण उरली. ती बसवली होती एका कडीत. कडीला होता एक छोटासा स्क्रू.

रोज संध्याकाळी टिचकी दुर्बिणीला डोळा लावी. तिकडे ताई दगडावर येई. पिवळं पान हलवी. हलव, हलव, हलव! ताईला टिचकी दिसत नसे. तरी ती पान हलवी.

"आहे गं बाई माझी ताई!" टिचकी म्हणे. मग ती स्क्रू पिळी. दुर्बीण पडली तर? पिळ, पिळ, पिळ! रोज थोडा जास्तच.

एके दिवशी, टक्!

स्क्रूचं डोकं तुटलं. शेपूट आतच अडकलं, नुसतं टोक वर राहिलं. दुर्बीण पडली, धप्प! टिचकीने डोळा लावला. दिसली नुसती फरशी. त्या संध्याकाळी ताई दिसली नाही. टिचकी खूप रडली.

सकाळी निघाली तुरुतुरु, तुरुतुरु. गेली भिवाकाकांकडे.

"काका, काका, स्क्रू काढा ना!
दुर्बीण उठेना,
मला माझी ताई दिसेना!"

"काढीन की गं," काका म्हणाले. "पण तो गंजलाय बघ. आधी तेलाचा थेंब आण."

टिचकी निघाली तुरुतुरु, तुरुतुरु. गेली घाण्यावरच्या गिरजाकाकूंकडे.

"काकू, काकू, तेल द्या ना!
काका स्क्रू काढेना,
दुर्बीण उठेना,
मला माझी ताई दिसेना!"

"देईन की गं पोरी," काकू म्हणाल्या. "पण घाणा थांबलाय. आधी बैलाला फिरव."

टिचकी निघाली तुरुतुरु, तुरुतुरु. गेली ढवळ्या बैलाकडे.

"ढवळ्यादादा, ढवळ्यादादा, फिर ना!
काकू तेल देईना,
काका स्क्रू काढेना,
दुर्बीण उठेना,
मला माझी ताई दिसेना!"

"फिरेन की," ढवळ्या म्हणाला. "पण माझं घुंगरू कुठाय? घुंगरू वाजल्याशिवाय माझा पाय उचलत नाही. खेकड्याने नेलंय. आधी ते आण."

बघा तरी! एवढा मोठा बैल, आणि घुंगरासाठी रुसून बसला!

टिचकी निघाली तुरुतुरु, तुरुतुरु. गेली शेताच्या बांधावर, खेकडेमामाच्या दारात.

"मामा, मामा, घुंगरू दे ना!
बैल फिरेना,
काकू तेल देईना,
काका स्क्रू काढेना,
दुर्बीण उठेना,
मला माझी ताई दिसेना!"

खेकडेमामाने घुंगरू नांगीत घट्ट धरलं. मग हळूच म्हणाला, "मी एकटाच असतो गं. घुंगरू हलवतो. टिंग! वाटतं, कुणीतरी आलं दारात. बाहेर बघतो, तर कुणीच नसतं."

टिचकीने वर पाहिलं. ऊन उतरायला लागलं होतं. ताई दगडावर यायची वेळ होत आली. पण टिचकीला एकटं राहणं ठाऊक होतं.

"मी बसते तुझ्याजवळ," ती म्हणाली.

आणि बसली. खेकडेमामा इकडे, टिचकी तिकडे. दोघं नुसती बसली.

बऱ्याच वेळाने खेकडेमामा म्हणाला, "हे घे घुंगरू. आता पळ!"

टिचकी पळाली तुरुतुरु, तुरुतुरु, तुरुतुरु!

घुंगरू वाजलं, टिंग टिंग!
बैल फिरला, कुर्र कुर्र!
काकूने तेल दिलं, पानावर एक थेंब!
काकाने तेल सोडलं, टप्प!

"मुरू दे जरा," काका म्हणाले. मग कानशीने खाच पाडली, खर्र खर्र. खाचेत पेचकस घातला. उलटा फिरवला हळूहळू. कुईं, कुईं, कुईं... आला की मोडका स्क्रू बाहेर!

काकांनी नवा स्क्रू बसवला.

"आता उगाच पिळू नकोस गं," ते म्हणाले. "घट्ट बसला की पुरे."

दुर्बीण उठली! टिचकीने डोळा लावला.

दगड दिसला. दगडावर ताई दिसली! पिवळं पान हलत होतं. हलव, हलव, हलव!

काल टिचकी बघत नव्हती. ताईला काय ठाऊक? ती कालही आली असणार. कालही पान हलवलं असणार.

"ताई गं!" टिचकीने इकडून शेपटी हलवली. ताईला ती दिसली नाही. तरी हलवली.

दुसऱ्या संध्याकाळी खिडकीत आवाज आला. खर्डक खर्डक. कोण आलं तिरकं तिरकं चालत? खेकडेमामा!

त्याने दुर्बिणीला डोळा लावला. "कोण गं ती?"

"माझी ताई."

खेकडेमामा बराच वेळ बघत राहिला. मग त्याने आपली मोठी नांगी उचलली, आणि त्यानेही हलवली.