उपडा भोपळा

एक राज्य इतकं लहान होतं की बगळ्याने सकाळी पूर्वेच्या बांधावरून झेप घेतली, तर ऊन तापायच्या आत तो पश्चिमेच्या बांधावर उतरत असे. तीन बाजूंना बर्फाचे डोंगर होते आणि मधल्या खोलगट भागात भाताची खाचरं. लावणीपासून कापणीच्या तोंडापर्यंत खाचरांत पाणी उभं असे, आणि त्या पाण्याखालचा चिखल श्वास सोडत असे.

तो श्वास दिसत नसे. त्याला वासही नव्हता. बुडबुडा वर येई, फुटे, आणि संपला असं वाटे. तो संपत नसे. तो वर जाऊन गोधडीसारखा पसरे, आणि दिवसाची जी ऊब संध्याकाळी डोंगरापलीकडे निघून जायची, ती त्या गोधडीखाली अडकून राही. पूर्वी उन्हाळा या राज्यात पाहुण्यासारखा येई. आता तो घरजावई झाला होता. डोंगरांच्या माथ्यावरचं पांढरं दर वर्षी थोडं वर सरकत होतं, पण मान वर करून बघायची तिथे पद्धत नव्हती. सगळ्यांचं अन्न खाली पाण्यात होतं.

चिखलाच्या श्वासाचं माप घेण्याची मात्र जुनी रीत होती. वाळवून पोकळ केलेला भोपळा चिखलावर उपडा ठेवायचा. श्वास येत असेल तर तो डुलतो. मापाडी होतं कासव. म्हातारं, सरळ, आणि आपल्या पदाला जपणारं. माप वर्षातून एकदाच, कापणीच्या सणाला घेतलं जाई, कारण त्या दिवशी सगळे हजर असत. पाहुण्यांचे पाय भिजू नयेत म्हणून पंधरा दिवस आधीच खाचरांतलं पाणी सोडलेलं असे. भेगा पडलेल्या कोरड्या चिखलावर भोपळा दगडासारखा बसे. कासव ओरडे, "हलत नाही!" राज्याचा कारभार पाहणारे बगळेसाहेब दोन्ही पंख उंचावत, आणि लावणी करणाऱ्या पाणकोंबड्या जयजयकार करत. ही लबाडी कुणी ठरवून केली नव्हती. पण दुसऱ्या एखाद्या दिवशी माप घ्या, असंही कुणी कधी म्हटलं नव्हतं.

त्या राज्यात एक टिटवी होती. मधल्या बांधावर उघड्या खड्यांत तिची चार अंडी होती. तिची आजी अंड्यांना ऊब द्यायला बसत असे. टिटवी बसत नसे. ती पंख पसरून सावली धरायची. खाचरात उतरून पोटाची पिसं भिजवायची, धावत परत येऊन अंड्यांवर निथळायची आणि पिसं सुकली की पुन्हा उतरायची. तिच्या आईने हे कधीतरी, एखाद्या कडक दुपारी केलं होतं. टिटवी दिवसातून चाळीसदा करत होती. आदल्या दिवशी एक अंडं आतून डुललं होतं. पिल्लू फिरत होतं. आता दोन दिवस काढले की झालं.

ते दोन दिवस निघतील याची तिला खात्री नव्हती. म्हणून भर हंगामात, पोट भिजवून, ती बगळ्यांच्या सभेत गेली.

"खाचरांतलं पाणी बाहेर सोडा," ती ओरडली. "हंगामात दोनदा, चार-चार दिवस. चिखलाला वारा लागला की त्याचं तोंड मिटतं."

"आली अपशकुनी!" एक पाणकोंबडी म्हणाली. "अगं, भात मरेल की."

"वरच्या खाचराचा बांध फुटला होता, आठवतंय? चार दिवस कोरडं होतं ते. मेला भात? उलट तिथला बुडबुडा थांबला. मी रोज बघते."

बगळेसाहेब हसले. "टिटवीबाई, आपलं राज्य केवढं? डोंगरापलीकडे मोठी राज्यं आहेत, तिथले डोंगर धूर ओकतात म्हणे. आधी त्यांना जाऊन सांगा. आमच्या चिमूटभर चिखलाने काय आभाळ फाटणार आहे?"

पाणी उभं असेपर्यंत मासे बगळ्यांच्या पायाशी असतात. हे सभेत कुणी बोललं नाही.

टिटवीने पोटाखाली चोच घातली. पिसं अर्धी सुकली होती. "कासवदादा," ती म्हणाली, "आज ठेवा भोपळा. आत्ता, इथे, पाण्यात. मग मी तोंड मिटते."

मापाड्याला माप घ्यायला सांगितलं, तर नाही कसं म्हणणार? कासवाने भोपळा पाण्यावर उपडा घातला. क्षणभर तो थांबला. मग थरथरला, डुलला, एका बाजूला उचलला गेला आणि खालून भसाभस बुडबुडे निसटले. पुन्हा बसला, पुन्हा उचलला गेला. जणू खाली कुणीतरी होतं आणि त्याला बाहेर यायचं होतं.

पाणकोंबड्यांनी एकेक पाय वर घेतला. आपण जन्मभर कशात उभ्या आहोत हे त्यांना आत्ता कळत होतं. कितीतरी वर्षांनी त्या सभेने वर पाहिलं. आभाळ निळं होतं, स्वच्छ होतं, आणि त्याचीच सगळ्यांना भीती वाटली. बगळेसाहेबांची लांब मान खांद्यांत शिरली.

"वाऱ्याने हलला," ते म्हणाले.

भाताचं एक पातं हलत नव्हतं.

"दगड ठेवा त्यावर. माप स्थिर हवं. आणि मापाड्याला जमत नसेल, तर दुसरा बघू."

कासवाने दगडाकडे पाहिलं. मग मापाड्यासाठी राखलेल्या झाडाच्या सावलीकडे पाहिलं. राज्यात तेवढीच दाट सावली उरली होती. त्याने दगड ठेवला. भोपळा चिखलात रुतला.

"हलत नाही," ते पुटपुटलं.

"मोठ्याने, दादा," बगळेसाहेब म्हणाले.

"हलत नाही!"

पंख उंचावले गेले. जयजयकार झाला. अशा जोराचा तो कापणीलाही झाला नव्हता, कारण या वेळी घाबरलेले गळे ओरडत होते.

टिटवी तो ऐकायला थांबली नाही. तिचं पोट केव्हाच कोरडं झालं होतं. ती धावत खाचरात उतरली, तर पाणीही कढत होतं. तरी तिने पिसं भिजवली, अंड्यांवर पंख पसरले आणि वाकून बघत राहिली.

बऱ्याच वेळाने कासव त्याच बांधावरून सावलीकडे निघालं.

"कासवदादा." आवाज इतका खाली गेला होता की ही तीच टिटवी, हे कुणाला पटलं नसतं. "माझी नजर ठरत नाही. तुम्ही मापाडी. हलतंय का, एवढं बघून सांगा."

कासवाने मान लांब केली. पहिल्या अंड्याशी ते श्वास रोखून थांबलं. मग दुसऱ्याशी, मग तिसऱ्याशी. चौथ्याशी सगळ्यांत जास्त वेळ. आयुष्यात पहिल्यांदा त्याने माप नीट घेतलं.

"हलत नाही," ते म्हणालं.

बांधाच्या वरच्या टोकाला बगळेसाहेबांच्या कानांवर तेवढे दोन शब्द गेले. सवयीने त्यांचे दोन्ही पंख वर झाले, आणि साऱ्या खाचरांतून पाणकोंबड्यांनी जयजयकार केला.