कोंबडीची माया, सशिणीची माया

कोंबड्या अजून मोकळ्या रानात हिंडत होत्या, तेव्हाची ही गोष्ट.

एका सशिणीने बोरीच्या जाळीत, उथळ बिळात पिल्लं घातली. मिटलेल्या डोळ्यांची, अंगावर लवही नसलेली. आपल्याच छातीचे केस उपटून तिने त्यांच्यावर पसरले आणि दूर झुडपात जाऊन बसली. दिवसभर तिकडे फिरकली नाही.

शेजारच्या कोंबडीला ते बघवेना. "अगं, आई आहेस की कोण? अंड्यांवर बसले की मी पाणी प्यायलासुद्धा उठत नाही!"

"कोल्हा माझ्या वासावर असतो, ताई," सशीण कुजबुजली. "मी जिथे बसेन, तिथे तो येईल."

"कारणं नकोत!" कोंबडी तरातरा बिळाशी गेली. पायांनी केस उकरून टाकले, पंख पसरून पिल्लांवर बसली आणि कौतुकाने क्लक क्लक करू लागली.

गवत हललं. आवाजाच्या रोखाने कोल्हा दबकत येत होता. कोंबडीने पंख आणखी पसरले. उडावं तर पिल्लं उघडी पडणार, बसून राहावं तर सगळ्यांचाच घास होणार.

एवढ्यात सशीण झुडपातून सुटली ती थेट कोल्ह्याच्या नाकासमोरून. कोल्हा तिच्यामागे धावला. दोघं टेकडीपलीकडे दिसेनाशी झाली.

अंधारताना सशीण लंगडत परतली. पिल्लांना पाजलं. उकरलेले केस वाऱ्यावर गेले होते, म्हणून ती छातीवरचे उरलेसुरले उपटू लागली.

त्या उघड्या, लाल छातीकडे कोंबडी बघत राहिली. मग बिळाचा माग कुणाला लागू नये म्हणून लांबचा वळसा घालून ती आपल्या झाडाकडे गेली. वाटेत तिने एकदाही क्लक केलं नाही.