चिमाईची साडीचोळी

हा समोर दिसतो तो सुईणीचा कडा. इथं चपला काढायची गरज नाही, कारण इथं देव नाही. एक बाई इथून खाली गेली, एवढंच.

चिमाई तिचं नाव. गडावरची आणि खालच्या वाडीतली निम्मी माणसं तिच्याच हातावर जन्मलेली. किल्लेदारीणबाईंना मुलगा झाला, तो मेलेलाच. गरिबाघरचं मूल गेलं तर देवानं नेलं म्हणतात. मोठ्यांच्या घरी मात्र ते कुणीतरी मारलेलं असावं लागतं. किल्लेदारानं चिमाईला धरलं. चूक कबूल केलीस तर हात तोडून सोडतो, नाहीतर कडेलोट, असं त्यानं बजावलं म्हणे. बाळंतिणीला कुणी विचारलंच नाही.

चिमाई रडली नाही. दोरानं तिचे हात बधिर झाले होते, हळूहळू ती सगळीच तशी झाली. जीव वाचावा असंही आता तिला वाटेना. तिला एवढंच कळत होतं, की आज आपण खोटं कबूल केलं तर उद्या अडलेल्या बाईजवळ जायला कुठलीच सुईण धजणार नाही.

"पोर पोटातच गेलं हुतं," ती म्हणाली. "दुसरं म्या काय बी बोलनार न्हाई."

तिला ढकलायचं काम राणू नाईक नावाच्या शिपायाकडं आलं. तोही तिच्याच हातचा. कड्याच्या टोकाशी येऊन तो पुढं सरेना.

"दोर सोड, राणू," चिमाई म्हणाली. "तुला म्या या जगात आनला. ह्ये पाप तुज्या हातनं नगं."

त्यानं दोर सोडला. तिनं मनगटं चोळली, पदर खोचला आणि बाळंतिणीच्या खोलीत शिरावं तशी, न घाबरता, आपल्या पायांनी पुढं चालत गेली.

किल्लेदारीणबाई अंथरुणातून उठल्या त्या थेट साडीचोळी घेऊन कड्यावर आल्या. ती कडेला ठेवून सगळ्यांदेखत म्हणाल्या, "बाळ आधीच हलायचं थांबलं होतं. मला ठाऊक होतं." किल्लेदारानं मान खाली घातली असं सांगतात. आमचा त्यावर फारसा विश्वास नाही.

आजही वाडीत मूल मेलेलं जन्मलं, की घरची माणसं आधी बाळंतपण करणारीला साडीचोळी देतात, मग रडतात. आता सुईणी राहिल्या नाहीत, सरकारी दवाखान्यातली नर्स असते. गेल्या साली नवी आलेली नर्स काही केल्या घेईना. भिंतीला पाठ लावून नुसती उभी राहिली. तेव्हा जिचं बाळ गेलं होतं तीच खाटेवरून म्हणाली, "घ्या ताई. तुमचं काय बी चुकलं न्हाई."