चांदीनं खाल्लेलं झाड

“मग मी जायचं कधी, बुवा?”

मास्तरांनी हे तिसऱ्यांदा विचारलं. पहिल्यांदा विचारलं तेव्हा गोंदाबुवा शेळीच्या गळ्याखाली खाजवत होते. दुसऱ्यांदा विचारलं तेव्हाही तेच चाललं होतं.

“पाडव्याला गाडी येतेय,” मास्तर म्हणाले. “गावानं माझ्यासाठी शेड उभी केलीय. पुढं ओटा बांधलाय. मांडववाल्याला सांगून झालंय. राहिलंय फक्त तुमचं...”

“बी.”

“हो. बी.”

शेळीनं मान आणखी वर केली. तिचं नाव चांदी. बुवांची बोटं थांबलेली तिला खपत नसत.

त्या डोंगरउतारावरच्या मठीची रीतच तशी होती. इथून जाणाऱ्या शिष्याला ना गंडा मिळे, ना माळ, ना कानमंत्र. राजगिऱ्याच्या बियाची पुरचुंडी मिळे. ती आपल्या जागी नेऊन पेरायची आणि आल्यागेल्याला त्यातलं खाऊ घालायचं, बस्स. घाटाखाली अशा चार जागा उभ्या होत्या. ज्याच्या हातात पुरचुंडी नाही, तो इथं दहा वर्षं राहून आला तरी लोक त्याला पाहुणाच समजत.

मनोहर मास्तर तीन वर्षं राहिले होते. त्याआधी हायस्कुलात संस्कृत शिकवत. नोकरी सोडून आले, येताना दोन पेट्या भरून पोथ्या आणल्या, आणि एकही पोथी अर्धी सोडली नाही. आपण तयार आहोत याबद्दल त्यांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. शंका होती ती बुवांना हे कळलंय की नाही, एवढीच.

“बी तुझं तूच धर,” बुवा म्हणाले. “तुझ्या वाफ्यातलं. एक झाड निवडून आन.”

मास्तर उठलेच. हेच ऐकायला ते टपून बसले होते.

त्यांचा वाफा म्हणजे वर्गातला पहिला नंबर. कार्तिकात त्यांनी मूठभर बियाला दहा मुठी वाळू मिसळून, दोरी धरून, सरळ ओळीत पेरणी केली होती. वेळच्या वेळी विरळणी केली होती. आणि भोवती बाभळीच्या काट्यांचं कमरेइतकं कुंपण घातलं होतं. उंदीर आत शिरायचा तर त्यालाही विचार करावा लागला असता.

मठीचा बाकीचा दहा गुंठे राजगिरा मात्र बिनकुंपणाचा. तीस वर्षं मठीची चूल सांभाळणारी ठकूआत्या रोज त्यातला पाला खुडून पाहुण्यांना भाजी करी. खालची पानं कोंबड्यांना जात. आणि झाडं गुडघ्याला लागली की बुवा एक दिवस चांदीचं दावं सोडत आणि तिला सरळ रानात घालत. घटकाभर. ती डावीकडं उजवीकडं शेंडे ओरबाडत हिंडे आणि बुवा बांधावर बसून बघत.

पहिल्या वर्षी ते पाहून मास्तरांनी कपाळाला हात लावला होता. “बुवा, उभं पीक आहे हो!”

“हं,” बुवा म्हणाले होते.

म्हाताऱ्याची लहर, असं मास्तरांनी ठरवून टाकलं. तिसऱ्या वर्षी त्यांनी स्वतःचा वेगळा वाफा मागून घेतला तो याचसाठी.

आता त्या वाफ्यातलं सगळ्यात उंच झाड त्यांनी हेरून ठेवलंच होतं. डोक्यावर हातभर गेलेलं, वर लालभडक कणीस, तेही हातभर लांब. मास्तरांनी विळ्यानं कणीस कापलं आणि दोन्ही हातांनी खांद्यावर धरून आणलं.

“धाकटं बुवा निघालं वाटतं मिरवनुकीला,” चुलीजवळून आत्या म्हणाली.

मास्तर हसले. आज त्यांना आत्याचंही काही लागणार नव्हतं.

बुवांनी कणीस मांडीवर घेतलं. फिरवून पाहिलं.

“देखनं हाय.”

मग चिमूटभर तळहातावर चोळलं, फुंकर घातली. भूस उडालं. पांढरे, टपोरे दाणे उरले.

“दानाबी बेस.”

“चार महिने राखलंय,” मास्तर म्हणाले. त्यांची छाती भरून आली होती.

“ह्याची भाजी किती येळा झाली?”

“भाजी?... एकदाही नाही.”

“मागितली हुती मी,” आत्या म्हणाली. “संक्रांतीला. आठ मानसं आली हुती आन् रानातला पाला संपलेला. तर मास्तर म्हनलं, आत्या, हे बियाण्याचं आहे. मी म्हनलं, बरं बाबा.”

“कोंबड्यांनी?” बुवांनी विचारलं.

“कुंपण आहे ना.”

“चांदीनं?”

“चांदीला मी फिरकूसुद्धा दिलं नाही.”

“म्हंजे ह्याला कुनीच खाल्लं न्हाई.”

“कुणीच नाही!” मास्तर अभिमानानं म्हणाले.

बुवांनी मान डोलावली...

आणि कणीस चांदीपुढं धरलं.

शेळीला काय, आग्रह लागतो का? पहिल्या घासात तिनं वीतभर तुरा ओढला. दाणे खाली सांडले, तिकडं कोंबड्या धावल्या.

“बुवा! अहो, ते बी होतं!”

“व्हय.”

“मग हे काय...”

“खाल्ल्यावर काय करतंय ते बघतुय.”

“कापलेलं कणीस! ते काय करणार आता?”

“तेच म्हनतो,” बुवा म्हणाले. “उशीर झाला.”

मास्तर सांडलेले दाणे वेचायला वाकले. नोकरी सोडली, पेन्शनवर पाणी सोडलं, तीन वर्षं गारठ्यात आणि पावसात या माणसाच्या पायाशी बसलो, आणि हा माणूस माझं बी शेळीला घालतो. गावात मांडव पडणार होता. लोक विचारणार होते, मास्तर, पुरचुंडी कुठाय? संताप तर आलाच. पण एका कणसापायी पन्नाशीच्या माणसाला रडू फुटतंय, याची लाज जास्त वाटली.

“दुसरं आना की,” आत्या म्हणाली. “तुमच्या वाफ्यात काय तोटा हाय?”

मास्तर तिरमिरीत वाफ्याकडं गेले.

चाळीसएक झाडं. एकाहून एक. त्यांनी पहिल्याला हात घातला आणि थांबले. हेही कुणी खाल्लेलं नव्हतं. पुढचंही नाही. ओळीच्या ओळी तपासल्या, सगळी सरळ, सगळी धडधाकट, आणि एकाच्याही अंगावर दाताची खूण नाही. हे नेलं की चांदी आहेच तोंड वासून.

मग कोपऱ्यातलं ते झाड दिसलं.

कुंपणाला तिथं भगदाड पडलं होतं. चांदीनं त्यातून मान घालून शेंडा खाल्ला होता. मास्तरांनी तेव्हा तिला काठी घेऊन पिटाळलं, त्याच संध्याकाळी भगदाड बुजवलं आणि ठरवलं, उद्या हे झाड उपटायचं. एवढ्या नेटक्या वाफ्यात ते त्यांना बघवत नव्हतं.

उपटायचं राहिलं ते येसबामुळं.

येसबा खालच्या वाडीतला. दिवाळीत त्याची बायको वारली होती. मास्तर शिकलेले आहेत असं कुणीतरी सांगितलं म्हणून तो त्यांच्या खोलीच्या पायरीवर येऊन बसला. “मी बाजाराला गेलतो त्या दिवशी. आलो, तर...” दुसऱ्या दुपारी पुन्हा तेच. “मी बाजाराला गेलतो...” तिसऱ्या दुपारी, झाड उपटायचं त्याच दिवशी, मास्तरांनी आतून कडी घातली. पोथीतला अवघड भाग आला होता. बाहेर काठी टेकल्याचा आवाज झाला, बराच वेळ काहीच झालं नाही, मग काठी उतरून गेली. तो जाईपर्यंत मास्तर बाहेर पडले नाहीत, आणि नंतर झाडाचं विसरून गेले.

ते झाड आता कमरेएवढंच होतं. वाकडं. शेंडा तुटला होता तिथं काळी गाठ धरली होती, आणि तिच्याखालून सात फांद्या फुटल्या होत्या. प्रत्येक फांदीला वीतभर कणीस.

मास्तरांनी ते बुडापासून कापलं. खांद्यावर घेतलं नाही. फरफटत आणलं आणि बुवांसमोर टाकलं.

“हे घ्या. तुमच्या चांदीनं खाल्लेलं. आता झालं समाधान?”

बुवांनी त्यांच्या रागाकडं पाहिलंसुद्धा नाही. “ठके, सूप आन गं.”

आत्यानं सूप आणलं. बुवांनी पहिलं कणीस चोळलं. बारीक दाणे झरझर सुपात पडले. दुसरं चोळलं. तिसरं...

मास्तर आधी उभेच होते. मग उकिडवे बसले. पाचव्या कणसाला त्यांचा हात आपोआप गेला आणि तेही चोळायला लागले. सुपात दाण्यांचा ढीग वाढतच चालला. वाकड्या झाडात एवढं असेल, असं त्यांना वाटलं नव्हतं.

आत्यानं पाखडून दिलं. मूठ भरून वर उरलं.

बुवांनी जुन्या धोतराचा तुकडा फाडला, मूठभर दाणे त्यात बांधले आणि पुरचुंडी मास्तरांच्या हातावर ठेवली. उरलेले डब्यात टाकले.

मास्तर पुरचुंडीकडं बघत राहिले. तीन वर्षं जिच्यासाठी काढली ती एवढीशी, कोमट, तळहातावर मावणारी. राग कुठच्या कुठं गेला.

“म्हणजे... मी जाऊ?”

“बी जाऊ दे.”

“आणि मी?”

बुवा पुन्हा चांदीच्या गळ्याखाली खाजवू लागले...

“गाडी कधी म्हनलास?”

“पाडव्याला.”

“आन् आज?”

“आज धुळवड.”

“पंधरा दिस,” आत्यानं हिशेब करून टाकला आणि सूप घेऊन आत गेली.



खाली उतारावर पांढरं मुंडासं दिसलं. काठी टेकत, थांबत थांबत येसबा वर येत होता. हल्ली तो येई तो बुवांकडंच येई. मास्तरांच्या खोलीच्या अलीकडं वाट फुटत होती. जवळची वाट खोलीच्या पायरीला लागून होती. येसबानं ती सोडली आणि लांबच्या, चढाच्या वाटेनं वळला.

मास्तरांनी ते पाहिलं, आणि बुवांनी शेळीपुढं कणीस धरलं तेव्हा लागलं नव्हतं एवढं त्यांना लागलं. दम लागलेला म्हातारा माणूस. माझं दार चुकवायला चढ चढतोय.

त्यांनी पुरचुंडी आत्याच्या फडताळात नेऊन ठेवली.

“येसबा! तिकडनं नका जाऊ. इकडून या.”

येसबा बिचकून उभा राहिला. मास्तर खोलीत गेले, घोंगडी घेऊन आले आणि पायरीवर अंथरली. येसबा तिच्या अगदी कडेला टेकला. उठायला सोपं जावं म्हणून.

त्यानं काठी मांडीवर आडवी घेतली.

“मी बाजाराला गेलतो त्या दिवशी,” येसबा म्हणाला.

“काय आणायला?” मास्तरांनी विचारलं.

येसबानं चमकून वर पाहिलं. आजवर हे कुणी विचारलं नव्हतं.

“तिला बांगड्या,” तो म्हणाला. मग जरा आत सरकून बसला आणि बोलायला लागला.

ऊन पायरीवरून अंगणात गेलं, अंगणातून कुंपणावर गेलं, तरी तो बोलत होता. मध्येच रडला. मध्येच बायकोच्या कसल्याशा खोडीवर खुदकन हसला. गेला तेव्हा जवळच्या वाटेनं गेला.

मास्तर गोठ्यापाशी आले. त्यांना पार ओरबाडून काढल्यासारखं झालं होतं. सांगण्यासारखं त्यांनी येसबाला काहीच सांगितलं नव्हतं. तीन वर्षांच्या पाठांतरातला एक श्लोक कामी आला नव्हता. आणि उद्या पुन्हा येतो, असं तो सांगून गेला होता.

बुवा चांदीला दाव्याला बांधत होते.

“बुवा,” मास्तरांनी हळूच विचारलं, “पंधरा दिवस पुरतील का हो?”

बुवांनी गाठ मारली, ओढून पाहिली.

“चांदीला घटकाभर पुरतंय.”