भाजी एकाच वाटीची

पाय पांघरुणात घ्या आधी. घेतले? मग ऐका. एक होती सारजा. राजाराणी आज नाहीत बरं का, आज नुसती सारजा आणि तिची लेक गोजी. गोजीला आला ताप. ताप गेला, पण जाताना जिभेची चव घेऊन गेला. पोर काही म्हणता काही खाईना. पंधरा दिवस अंथरुणाला खिळलेली.

मग काय झालं, माळावरची एक म्हातारी वाटीभर खीर घेऊन आली. म्हणाली, पोरीला भरव, वाटी उद्या आणून दे. गोजीने बोटभर चाटली आणि तोंड फिरवलं. मग सारजाने खीर शेजारच्या बाळंतिणीला दिली. अन्न टाकायचं नसतं ना.

आता वाटी परत द्यायची. पण दुसऱ्याची वाटी रिकामी परत देतात का? आपल्यात नाही देत. आणि सारजाच्या घरात काय, तर मूठभर डाळीचं पीठ, एक मिरची, दोन लसूणपाकळ्या. तेल बुडाशी चमचाभर. मग ती निघाली रानात.

वाटेत टिटवीची चार अंडी दिसली. सारजाने हात पुढे केला. टिटवी म्हणाली, बाई, तुला एक लेक, मला चार. सारजाने हात मागे घेतला. मग टिटवीनेच तिला शेवगा दाखवला. शेवगा म्हणाला, फांदी मोडू नकोस, खाली फुलांचा सडा पडलाय तो वेच. तिने ओटीभर वेचली. पुढे बांधावर आंबट चुका. तो म्हणाला, पानं खूड, मूळ राहू दे, मागून येणाऱ्यालाही लागेल. तिने आठच पानं खुडली.

घरी येऊन लसूण-मिरची तेलात टाकली, फुलं परतली, चुका घातला, वरून पीठ पेरलं आणि झाकण ठेवलं. असा वास सुटला म्हणता! भाजी झाली बरोब्बर वाटीभर. तेवढ्यात अंथरुणातून आवाज आला, "आई, मला दे की."

सांगा आता, वाटी भरायची की लेकीचं पोट? सारजाने विचारसुद्धा केला नाही. गोजीने सगळी भाजी खाल्ली, वर कढई पुसून खाल्ली. मग पोर झोपली आणि सारजा रिकामी वाटी घेऊन माळावर गेली. लाजेने तिचा जीव अर्धा झाला होता.

"चुकले मी," ती म्हातारीला म्हणाली. "भाजी केली होती. पण लेकीने मागितली, मला नाही म्हणवेना."

म्हातारी हसली. म्हणाली, "मागं बघ."

मागे गोजी उभी. पंधरा दिवस न उठलेली पोर, जाग येताच उठून, वाटेत दोनदा बसून, काठी टेकत, आईच्या मागोमाग माळ चढून आली होती.

"वाटी रिकामी कुठं आहे गं?" म्हातारी म्हणाली. "हे काय, तुझी भाजी चालत आली."

सारजाने लेकीला उचललं आणि रडली, हसली, पुन्हा रडली. मग म्हातारीने भाकरी टाकली आणि तिघी पोटभर जेवल्या. त्या सुखात राहिल्या. आता तुम्हीही डोळे मिटा बघू, आणि उद्या भाजीला नाकं मुरडू नका.