दादासाहेबांनी कधीच न खाल्लेलं

सांगलीत शलाकाने छोटासा बिस्त्रो उघडला आणि तिच्या हुरड्याच्या पिझ्झ्याची गावभर चर्चा सुरू झाली. एका दुपारी जिमखान्याचे अध्यक्ष दादासाहेब इनामदार बायको इंदूकाकूंना घेऊन तिथे आले. त्यांच्या शब्दाला गावात वजन होतं.

मेनूकार्ड बाजूला सारत ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मी जगभर खाल्लंय. आजवर खाल्लं नसेल असं काहीतरी आण. जमलं नाही, तर तसं गावाला सांगेन."

शलाकाने इंदूकाकूंकडे पाहिलं. "काकू, घरी स्वयंपाक कोण करतं?"

"लग्न झाल्यापासून मीच. यांनी साधा चहासुद्धा केलेला नाही."

शलाकाने लगेच टेबलावर शेगडी, तवा आणि भाजणीचा मळलेला गोळा आणून ठेवला. "दादासाहेब, स्वतःच्या हातचं तुम्ही कधीच खाल्लेलं नाही. घ्या थापायला."

आजूबाजूचे लोक हसले. "हरलो, पोरी," म्हणत दादासाहेबांनी बाह्या वर सारल्या.

थालीपीठ एका बाजूने चांगलंच करपलं. त्यातला बरा तुकडा त्यांनी आधी काकूंच्या ताटात वाढला आणि परीक्षेला बसल्यासारखे त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले.

काकूंनी सावकाश घास चावला. "मीठ कमी पडलंय," त्या म्हणाल्या, "उद्या घरी परत करून बघा."